फौजदाराची गस्त

वहिनी : अगं, मुठीत नको आवळूस. ओंजळीत घे त्याला.

बारकी : ओंजळीतच आहे. आता डब्यात ठेवते. डब्याचं वजन आधी शून्य केलंस ना?

वहिनी : केलं बाई. एकशे सतरा.

बारकी : नीट बघ.

वहिनी : एकशे सतरा म्हणजे एकशे सतरा. काटा मारायला मी काय भाजीवाली आहे?

बारकी : आला तेव्हा एकशे पंचवीस होता. तीन आठवड्यांत आठ ग्रॅम गेले.

वहिनी : आठ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर.

बारकी : तू साठ किलोची आहेस असं धर. तुझे जवळजवळ चार किलो गेले असते.

वहिनी : तीन आठवड्यांत? मग तो काय खातो ते मलाही दे.

आई : बारके, अगं त्या उंदराला जरा झोपू दे. दिवसातून दहादा उठवतेस.

बारकी : आई, तो उंदीर नाही, हॅमस्टर आहे. आणि संध्याकाळचे सहा वाजलेत, ही त्याची उठायचीच वेळ. तू तिकडं पडल्या पडल्या इकडचं सगळं कसं ऐकतेस?

आई : दुसरं काय काम आहे मला? दोन वर्षांपूर्वी पाय गेले, कान राहिलेत. मधे पडदा आहे, भिंत नाही. आणि फौजदार हे नाव मी ठेवलंय त्याचं, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. रात्रभर गस्त, दिवसभर ढाराढूर.

बारकी : गस्तीचाच तर घोळ आहे. वहिनी, हे बघ. त्याच्या चाकाला मी चुंबक लावलंय. एक फेरी झाली की जुन्या मोबाईलवर एक नोंद होते. दर दहा मिनिटांच्या फेऱ्या मोजून मी हा आलेख काढला.

वहिनी : छान आहे. डोंगर आणि दऱ्या.

बारकी : दऱ्या नाही, दरी. एकच. रात्री नऊला पळायला लागतो. साडेदहा, अकरा, बारा, मस्त पळतो. एक वाजून दहा-पंधरा मिनिटं झाली की एकदम शून्य. चार वाजेपर्यंत शून्य. चारनंतर पुन्हा पळतो. पहिल्या पाच रात्री असं नव्हतं. सहाव्या रात्रीपासून रोज. रोज, वहिनी.

वहिनी : दमत असेल. एवढंसं चाक, तेही जागच्या जागी.

बारकी : पहिल्या पाच रात्री दमला नाही तो. सहा-सहा किलोमीटर पळाला. मला वाटलं, थंडी वाजते. खाली उबेची गादी ठेवली. फरक नाही. चाक करकरतं म्हणून तेल दिलं. फरक नाही. फ्रिजच्या घरघरीला घाबरायला नको म्हणून तर पिंजरा आधीच स्वयंपाकघरातून इकडं, मागच्या खोलीत आणला होता...

वहिनी : तो सहाव्या दिवशीच आणलास ना?

बारकी : हो. का?

वहिनी : काही नाही. सहज.

बारकी : शेवटी काल प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. तीन तास रोज ठरल्या वेळी थांबतो म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, आजार काही घड्याळ बघून येत नाही. घरात कोणी दिवा लावतं का, आवाज करतं का, ते बघा.

आई : काय फी घेतली ग त्यांनी हसायची?

बारकी : आई! म्हणून आज रात्री मी इथं कॅमेरा लावणार आहे.

वहिनी : कॅमेरा? इथं कशाला कॅमेरा?

बारकी : मग कुठं लावू, गच्चीत?

वहिनी : अगं, माझं इस्त्रीचं टेबल आहे इथं. माझे कपडे असतात. मी येते-जाते.

बारकी : रात्री एक वाजता इस्त्री करतेस तू?

वहिनी : वेडी आहेस का? ते जाऊ दे. पिंजरा साफ करायचाय ना? अंधार व्हायच्या आत उरकू. घरटं मी काढते, तू त्याला धर.

बारकी : घरटं मलाच काढू दे. त्यात त्याची साठवण असते, ती मोजायचीय. तू त्याला टेबलावर सोड. कडेला वह्या लावल्यात, पडणार नाही.

आई : अग, कोणी पाणी देईल का मला? की फौजदाराचं झाल्यावर?

(वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज, तीनदा.)

बारकी : आले, आई. अरे! वहिनी, हा गेला कुठं?

वहिनी : पिंजऱ्यात.

बारकी : मधे दोन वह्या होत्या. त्यांच्यावरून चढून गेला? रिकाम्या पिंजऱ्यात? आवाजाला घाबरला वाटतं.

वहिनी : असेल. मी देऊन येते आईंना पाणी.

बारकी : थांब, तू कशाला सारखी धावतेस, मी जाते.

वहिनी : नको. त्यांची मान उचलून धरावी लागते, तुला जमत नाही. परवा सगळं पाणी उशीत गेलं होतं.

आई : उशीत नाही, कानात गेलं होतं. एवढे कान राहिलेत, तेही बुडवायला निघाली होती.

बारकी : बरं, बरं. वहिनी, येताना चिमटा आण गं. या घरट्यात काहीतरी वेगळंच आहे.

वहिनी : काय वेगळं?

बारकी : मी त्याला पांढरा, मऊ कागद दिला होता. त्याच्याखाली हा जाड कागद आहे. छापील. शाई असणार याच्यावर. हेच कुरतडून वजन उतरलं असेल तर?

वहिनी : वर्तमानपत्र असेल. टाकून दे सगळं.

बारकी : वर्तमानपत्र एवढं जाड नसतं. आणि हे त्यानं फाडलेलं नाही. तो कुरतडतो, कडा दातेरी होतात. या पट्ट्या सरळ आहेत. बघ ना, सगळ्या एका रुंदीच्या. एक सेंटिमीटर. कोणीतरी पट्टी लावून फाडल्यात.

वहिनी : बारकी, दे इकडं.

बारकी : ‘नकाशा विभाग’. ‘आपली पुनर्नियुक्ती’. ही पट्टी कुठं बसते... ‘रुजू होण्याची अंतिम तारीख वीस’. वहिनी, आज सोळा आहे.

वहिनी : मला तारखा कळतात.

बारकी : हे तुझ्या जुन्या ऑफिसचं पत्र आहे. तुला परत बोलावलंय त्यांनी.

वहिनी : हळू बोल.

बारकी : कधी आलं?

वहिनी : सतरा दिवस झाले. तू बिया मोजायला गेली होतीस.

बारकी : प्रयोगशाळेत गेले होते. आणि बिया मोजत नाही, उगवण तपासते.

वहिनी : तेच ते. ओल्या कागदावर शंभर बिया ठेवायच्या, किती उगवल्या बघायचं. तू मला दाखवलं होतंस. न उगवलेल्यांचं काय करता, ते मी विचारलं होतं. तू म्हणालीस, मोजतो आणि फेकतो.

बारकी : विषय बदलू नकोस. पत्र फाडायचं तर फाडायचं, पण पिंजऱ्यात कशाला घातलंस?

वहिनी : मग कुठं घालू? या घरात कचऱ्याचे तीन डबे आहेत आणि तिन्ही तू तपासतेस. कागदाच्या डब्यातलं प्रत्येक पाकीट उलगडून, सपाट करून, गठ्ठा बांधतेस. म्हटलं, निदान कोणाच्या तरी अंथरुणाला होईल.

बारकी : दादाला माहीत आहे?

वहिनी : फोनवर सांगितलं. तो बोटीवर होता, इंजिनाचा आवाज येत होता मागं. म्हणाला, आईला विचार. मग रेंज गेली.

बारकी : त्याची रेंज बरोब्बर वेळेवर जाते.

वहिनी : चार महिन्यांनी येईल तेव्हा रेंज असेल.

बारकी : ऑफिस अजून तिथंच आहे? त्याच गावात?

वहिनी : ऑफिसं उठून चालत नाहीत गं. तिथंच आहे. गाडीनं नऊ तास.

बारकी : म्हणजे रोज जाऊन-येऊन नाही. राहावं लागणार.

वहिनी : म्हणूनच फाडलं ना. तू का घाबरलीस?

बारकी : मी कुठं घाबरले?

वहिनी : तुझा चेहरा बघ. मी गेले तर आईंचं कोण करणार, याचा हिशेब झालासुद्धा तुझ्या डोक्यात. फाडलंय मी ते. जाणार नाहीये. कर घरटं साफ.

बारकी : इथंच काही बघता नाही येणार? नकाशे घरी बसून कॉम्प्युटरवर...

वहिनी : मी तुझ्याकडं काही मागितलं का?

बारकी : नाही.

वहिनी : मग सुचवू नकोस.

बारकी : ठीक आहे. एक सांग, रात्री दिवा तू लावतेस ना? एक ते चार. म्हणून तो थांबतो. डॉक्टर म्हणाले तसं.

वहिनी : तुझ्या वहीत काय लिहिलंयस? मी वाचलंय. ‘व्यत्यय, अज्ञात.’

बारकी : आत्तापर्यंत अज्ञात होता.

वहिनी : सातशे चौरस फुटांच्या घरात अज्ञात! रात्री एकला आईंची कूस बदलायची असते. ती बदलली की मला झोप लागत नाही, कारण चारला पुन्हा बदलायची असते. मधले तीन तास मी इथं बसते. तुला कधी कळणार? कानात बोळे घालून झोपतेस.

बारकी : ते शेजारच्यांच्या टीव्हीसाठी.

वहिनी : शेजारचे अकराला झोपतात.

बारकी : वहिनी, चिडू नकोस, पण एक गोष्ट बसत नाही. मंद दिव्यात तो थोडा तरी पळाला असता. दोन-चार फेऱ्या तरी पडल्या असत्या. इथं पूर्ण शून्य आहे. जणू तो पिंजऱ्यातच नाही.

वहिनी : नसतोच.

बारकी : काय?

वहिनी : मी दार उघडते.

बारकी : पिंजऱ्याचं? अगं, तो फ्रिजखाली गेला तर? वायर कुरतडली तर? मेला असता तो!

वहिनी : वायरी मी आधी वर बांधते. फ्रिजखाली पाट आडवा लावते. स्वयंपाकघराच्या दाराला टॉवेल. दहा मिनिटं जातात त्या तयारीत. मला एवढंही कळत नाही का?

बारकी : म्हणजे त्याचं वजन उतरलं ते... तो चाकावर अर्धीच रात्र पळतो आणि उरलेली रात्र घरभर हिंडतो. एकूण चाल वाढली. आजारी नाही तो!

वहिनी : नाही. थोडे दाणे वाढव, झालं.

बारकी : मी दोन आठवडे त्याला थेंब पाजतेय ताकदीचे.

आई : मला पाज उरलेले.

बारकी : आई, तू ऐकतेयस?

आई : तुम्ही कुजबुजायला लागलात की मला जास्तच नीट ऐकू येतं. चालू द्या.

बारकी : कुठं हिंडतो गं? आठवतं का तुला? म्हणजे ढोबळ, कोणत्या दिशेला?

वहिनी : ती इस्त्रीची चादर उचल. खाली आहे.

बारकी : हे काय... वहिनी! हा आपल्या घराचा नकाशा आहे.

वहिनी : एक फरशी म्हणजे एक सेंटिमीटर. रेघा त्याच्या आहेत. निळी पहिल्या आठवड्याची, लाल दुसऱ्या, पेन्सिलीची या.

बारकी : आणि कोपऱ्यात उत्तर दिशासुद्धा!

वहिनी : हाताची सवय आहे ती. आठ वर्षं पाण्याच्या नळांचे नकाशे काढलेत मी. जमिनीखाली पाणी कुठून कुठं जातं, ते.

बारकी : सगळ्या रेघा भिंतीला धरून आहेत. खोलीच्या मधून एकही नाही. पुस्तकात अगदी असंच लिहिलंय, उघड्यावर त्यांना भीती वाटते! आणि हे ठिपके? ‘पाच’, ‘सात’, ‘बारा’?

वहिनी : मिनिटं. जिथं थांबतो तिथं. 

बारकी : बारा मिनिटं कुठं थांबला? हे तर... बाहेरचं दार.

वहिनी : दाराखाली फट आहे ना, तिथं. बाहेरचा वारा येतो. नाक लावून बसतो. रोज. मी शेजारी बसते.

बारकी : तू पण?

वहिनी : बरं वाटतं. जिन्यातला वास येतो, ओल्या सिमेंटचा. एकदा कोणीतरी चढून वर गेलं. आम्ही दोघं अगदी गप्प.

बारकी : आणि मग चारला तू त्याला उचलून आत ठेवतेस.

वहिनी : कधीच नाही. मी त्याला हात लावत नाही. वाटी वाजते, तो जातो.

बारकी : मघाशी गेला तसा.

वहिनी : पहिल्या दोन-तीन रात्री आवाजाला घाबरून पळाला असेल. आता तसं नाही. आता वाटी वाजायच्या पाच मिनिटं आधीच तो दारापासून वळतो. मीही उठते, तुमच्या आईंची दुसरी उशी शोधायला लागते. तेवढ्यात वाजते. मी पिंजऱ्याला कडी लावते आणि पलीकडं जाते.

बारकी : दार तर उघडंच असतं त्याला.

वहिनी : बघ ना. मला तेवढंच बघायचं होतं. पत्र त्याच्या खाली घातलं त्या दिवसापासून बघतेय, एखाद्या रात्री तरी नाही जाणार.

बारकी : त्याची साठवण असते आत. दाणे असतात. म्हणून जातो. त्यात दुसरं काही नाही, वहिनी.

वहिनी : असेल. तू शिकलेली आहेस त्यातलं.

आई : सूनबाई.

वहिनी : आले. कूस बदलायचीय का?

आई : कूस राहू दे. पडदा सार जरा. मला तो कागद दाखव. पत्र नको, ते तुम्ही जुळवत बसा. नकाशा.

वहिनी : तो काय बघायचाय, आई? पोरखेळ आहे नुसता.

आई : चष्मा दे. हं. ही माझी खोली का?

वहिनी : हो.

आई : इथं एकपण रेघ नाही. फौजदार माझ्याकडं येत नाही वाटतं.

वहिनी : उंबरठ्यापर्यंत येतो. मग वळतो.

आई : शहाणा आहे. हा आयत म्हणजे माझा पलंग. दोन वर्षं यावर आहे, आज पहिल्यांदा वरून बघतेय. केवढासा आहे गं.

बारकी : आई...

आई : तू गप. तुझं सांग आधी. तुला कुठं जायचं होतं? परवा फोनवर मैत्रिणीला सांगत होतीस, पेरणीचे तीन महिने, सरकारी शेतावर.

बारकी : ते... पुढच्या महिन्यात. वहिनीला विचारणार होते मी.

वहिनी : विचारणार होतीस?

बारकी : नाही. सांगणार होते.

वहिनी : सांगितलं असतंस तर मी ‘जा’ म्हटलं असतं.

बारकी : माहीत होतं. म्हणूनच विचारणार नव्हते.

आई : आता एकमेकींच्या गळ्यात पडू नका, माझा चष्मा पुसायला कोणी उरणार नाही. बारके, ती दुसरी बाई आणली होती ना माझ्याकडं, सारखी शीळ घालायची ती. तिचा नंबर आहे का?

बारकी : तू तिला तीन दिवसांत हाकललंस. म्हणालीस, परक्या बाईचा हात मला लावून घ्यायचा नाही.

आई : मी विचारलं काय? नंबर आहे का?

बारकी : असेल. पण ती दिवसाच येईल फक्त.

आई : दिवसाच येऊ दे. शीळ घालायची पण सुरात घालायची. हात गरम होते तिचे.

वहिनी : आई, हे सगळं आत्ताच्या आत्ता कशाला? मी काही ठरवलेलं नाही. तुम्हाला तिचा हात नको वाटतो, मला माहीत आहे.

आई : वाटतो नको. तुला या घरात काय काय नको वाटतं, ते कधी बोललीस? मी आपली रोज चारला वाटी वाजवायची आणि मनात म्हणायची, आज तरी जरा उशिरा येऊ दे हिला. म्हणजे हिला गाढ झोप लागली असं तरी समजेल. तू आपली तिसऱ्या ठोक्याला हजर.

वहिनी : मग वाजवत कशाला होता?

आई : पाठ दुखते गं.

बारकी : रात्रीचं मी करेन. एकचं आणि चारचं.

वहिनी : तू? तुझ्या उशाशी ढोल वाजवला तरी...

बारकी : गजर लावेन. मनगटावर थरथरतो तसला. बोळे घालणार नाही. मान कशी धरायची ते दाखव मला, आजच.

वहिनी : आणि शेत?

बारकी : बिया पुढच्या वर्षीपण उगवतात.

वहिनी : अडकशील, बारकी. मी सांगते ना. आधी वाटतं, चार महिने. मग वाटतं, पावसाळा संपेपर्यंत. मग तू मिनिटं मोजायला लागतेस.

बारकी : हो. अडकेन. मोजायची सवय आहे मला. दादा येईल तेव्हा त्याची रेंज मी बघते.

आई : त्या पट्ट्या जुळल्या का?

बारकी : एक कमी आहे. सहीची. ती त्यानं खाल्ली बहुतेक.

आई : साहेबाची सही खाल्ली? फौजदारच तो.

वहिनी : उद्या सोमवार. ऑफिस दहाला उघडतं.

बारकी : फोन कर. म्हणावं, पत्र खराब झालं, दुसरी प्रत द्या.

वहिनी : कशानं खराब झालं म्हणून सांगू?

बारकी : खरं सांग. नोकरी दिली तर हसून देतील.

वहिनी : बघते. सकाळी बघते. आई, तुमची कूस?

आई : आता बारकीला करू दे. तू नुसती उभी राहा. हं... अगं, पोतं नाही मी! खांद्याखाली हात घाल. असा. बरं आहे. शिकेल.

बारकी : दुखलं का?

आई : दुखलं. आता ती वाटी घेऊन जा तिकडं. चमचापण.

बारकी : रात्री काही लागलं तर?

आई : तुझ्या मनगटाला थरथरतं ना काहीतरी, ते बघेल. सूनबाई, तू एकला उठायचं नाहीस. पण निजण्याआधी तुझ्या त्या वायरी वर बांध, पाट लाव आणि त्याचं दार उघडं ठेव.

वहिनी : आणि चार वाजता?

आई : चारला वाटी वाजणार नाही आज. बघू, तरी परत येतो का.